जेते, जित आणि ओझे वाहणारे

इतिहास जेते लिहितात, हे वाक्य आपल्या व्याख्यानांत आणि लेखांत इतक्या वेळा येऊन गेले आहे की त्याची धार आता बोथट झाली आहे. त्यात सत्य आहे, पण ते अर्धे आहे. हे वाक्य उच्चारणारा असे गृहीत धरतो की जेत्याच्या हातची लेखणी काढून जिताच्या हाती दिली की इतिहासाला न्याय मिळेल. परंतु जित म्हणजे नेमका कोण? पडलेल्या राज्यात राजा होता, सरदार होते, पुरोहित होते. आणि या सर्वांचे ओझे पाठीवर वाहणारी माणसेही होती. या सर्वांचा पराभव एकच होता काय? आणि जितांच्या वतीने ज्याने लेखणी धरली तो यांपैकी कोण होता?

हे प्रश्न तपासून पाहायचे तर मेक्सिकोतील अ‍ॅझटेक साम्राज्याच्या पाडावाइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही. कारण येथे जेत्यांनी लिहिले तसे जितांनीही लिहिले, आणि दोन्हींचे लेखन आज आपल्यासमोर आहे. तो देश आपल्याला दूरचा वाटतो. पण टोमॅटो, चॉकलेट आणि चिकू हे आपल्या बाजारातले शब्द मुळात त्या जितांच्या नाहुआत्ल भाषेतून निघालेले आहेत. त्यांची फळे आपल्यापर्यंत पोचली. त्यांच्या इतिहासाची गुंतागुंत मात्र पोचली नाही. आपल्यापर्यंत पोचली ती मूठभर शूर गोरे आणि एक भोळा, भित्रा राजा ही गोष्ट.

घटना थोडक्यात सांगतो. १५१९ च्या एप्रिलमध्ये एर्नान कोर्तेस सुमारे पाचशे सैनिक आणि सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी तो सरोवरात वसलेल्या तेनोच्तित्लान या राजधानीत शिरला. १५०२ पासून गादीवर असलेला मोक्तेसुमा काही दिवसांतच त्याचा कैदी झाला. मे १५२० मध्ये कोर्तेसच्या गैरहजेरीत पेद्रो दे आल्वारादो याने देवळाच्या आवारात सण साजरा करणाऱ्या नि:शस्त्र लोकांची कत्तल केली. नगर पेटून उठले, मोक्तेसुमा मारला गेला आणि ३० जूनच्या रात्री स्पॅनिशांना पळ काढावा लागला. त्याच वर्षी देवीची साथ आली. नवा राजा कुइत्लाहुआक तिनेच मेला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात नगराला वेढा पडला आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी अखेरचा राजा कुआउतेमोक पकडला गेला. १५२५ मध्ये त्याला फाशी दिली.

प्रथम जेत्यांचे लेखन पाहू. कोर्तेसने स्पेनच्या राजाला पत्रे पाठवली. ३० ऑक्टोबर १५२० च्या पत्रात तो सांगतो की, आमचे पूर्वज दुसरीकडून आले, त्यांचा धनी परत येणार होता, तो धनी म्हणजे तुमचाच राजा, असे म्हणून मोक्तेसुमाने आपण होऊन राज्य स्वाधीन केले. हे पत्र वाचताना कोर्तेसची अडचण ध्यानात ठेवली पाहिजे. क्यूबाच्या गव्हर्नरची आज्ञा मोडून तो आला होता. कायद्याच्या दृष्टीने तो स्वत:च बंडखोर होता. राज्य आपखुशीने मिळाले असे म्हटले की पुढे लढणारा प्रत्येक माणूस बंडखोर ठरतो आणि त्याच्यावरचे युद्ध कायदेशीर होते. म्हणजे हे पत्र घटनेचे वर्णन म्हणून वाचायचे नाही. आरोपीने आपल्या बचावासाठी लिहिलेला तो कागद आहे.

बर्नाल दियास देल कास्तियो याचा ग्रंथ वेगळा आहे. हा साधा सैनिक. म्हातारपणी ग्वातेमालात बसून त्याने हा इतिहास लिहिला, आणि तो छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १६३२ मध्ये. लिहिण्यामागे राग होता. मेक्सिकोत कधीही पाऊल न ठेवलेल्या गोमारा या लेखकाने १५५२ मध्ये सगळे श्रेय कोर्तेसला देऊन टाकले होते. लढलो आम्ही, जखमा आमच्या आणि नाव एकट्याचे, हा दियासचा दावा. सैनिकांचीच नव्हे तर घोड्यांचीही नावे, रंग आणि खोडी त्याने नोंदवल्या आहेत. खालून लिहिलेला इतिहास म्हणून या ग्रंथाची वाखाणणी होते, आणि ती खोटी नाही.

पण या खालच्याही खाली कोणी होते. सेम्पोआला येथे स्पॅनिशांना सामान वाहण्यासाठी माणसे मिळाली. त्या देशात ओझ्याचे जनावर नव्हते. सारा व्यापार, सारी खंडणी, सारे युद्धसाहित्य माणसाच्या पाठीवरून जाई. कपाळाला पट्टा, पट्ट्याला ओझे. या हमालाला तामेमे म्हणत. दियास मोठ्या काटेकोरपणे सांगतो की तामेमे दोन अरोबा, म्हणजे सुमारे तेवीस किलो वजन घेऊन पाच कोस चालतो. वजन सांगितले, अंतर सांगितले. नाव मात्र एकाचेही नाही. घोड्याला नाव आहे, तामेमेला नाही. पुढे वेढ्यासाठी तेरा जहाजे बांधली गेली. त्यांचे लाकूड त्लाक्सकालाहून डोंगर ओलांडून सरोवरापर्यंत आणणारे हमाल आठ हजारांवर होते, असे कोर्तेसच लिहितो. ज्या जहाजांनी नगर पाडले ती आधी माणसांच्या डोक्यावरून चालत आली, हे वाक्य मला अजून कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचायला मिळालेले नाही.

आता जितांचे लेखन. बेर्नार्दिनो दे साहागुन या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली नाहुआ लेखकांनी बारा खंडांचा एक प्रचंड ग्रंथ तयार केला. एका बाजूला नाहुआत्ल, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश आणि मध्ये चित्रे. त्याची १५७७ च्या सुमारास पूर्ण झालेली प्रत इटलीत फ्लॉरेन्सला आहे आणि आता ती संगणकावर कोणालाही पाहता येते. तिचा बारावा खंड पाडावाचा आहे. १९५९ मध्ये मिगेल लेओन-पोर्तिया यांनी या खंडातले उतारे आणि इतर नाहुआ लेखन एकत्र करून ‘पराभूतांची दृष्टी’ या अर्थाच्या नावाने पुस्तक काढले आणि जगाला प्रथमच ही दुसरी बाजू कळली. देवळातल्या कत्तलीत नगारा वाजवणाऱ्याचे हात प्रथम तोडले जातात. देवीने माणसे अशी आजारी पडतात की कूस बदलता येत नाही, आणि सगळेच आजारी म्हणून अन्न देणारा उरत नाही. वेढ्यात लोक पाली, गवत आणि जुने कातडे खातात. हे वाचून जो हलत नाही त्याने साहित्याच्या नादी लागू नये.

आणि तरीही विचारायचे ते विचारले पाहिजे. मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घरात माझ्या आधी कोणी पदवी घेतलेली नाही. माझ्या आजोबांच्या पिढीत सही करण्याचा प्रसंग आला तर अंगठा पुढे होत असे. त्यामुळे कोणतेही जुने पुस्तक हाती आले की मजकुराच्या आधी माझ्या मनात येते ते हे की, या माणसाला लिहायला कोणी शिकवले, आणि तो लिहीत बसला तेव्हा त्याचे शेत कोण कसत होते?

साहागुनचे लेखक शिकले ते त्लातेलोल्कोच्या सांता क्रूझ विद्यालयात. १५३६ मध्ये निघालेले हे विद्यालय नाहुआ सरदारांच्या मुलांसाठी होते. तेथे त्यांना लॅटिन शिकवले जाई. त्यांनी ज्यांना विचारून लिहिले ते वृद्धही प्रतिष्ठित घराण्यांतले, आणि बरेचसे त्लातेलोल्कोचे. त्लातेलोल्को हे राजधानीला लागून असलेले, पूर्वी तिने जिंकून अंकित केलेले नगर. म्हणून या खंडात त्लातेलोल्कोचे योद्धे शेवटपर्यंत लढतात आणि मोक्तेसुमा थरथर कापतो.

याच खंडात आठ अपशकुन येतात आणि कोर्तेसला परत आलेला देव केत्सालकोआत्ल समजल्याची कथा येते. स्वत: कोर्तेसने आपल्या पत्रांत असे कोठेही म्हटलेले नाही. ही कथा पाडावानंतरच्या दशकांत आकाराला आली, हे कॅमिला टाउनसेंड यांच्यासारख्या अभ्यासकांनी २००३ पासून नीट दाखवून दिले आहे. जेत्यांना ती हवी होती, हे उघड आहे. देव व्हायला कोणाला आवडत नाही? पण जितांच्या शिकलेल्या मुलांनी ती का उचलली? मला वाटते, याचे उत्तर त्यांच्या वर्गात आहे. राज्य दैवाने बुडाले, राजा भाकितांनी फसला, असे म्हटले की राज्याच्या रचनेवर बोट येत नाही. आकाशात अग्नी दिसला म्हणून साम्राज्य पडले, हे सांगणे सरदारपुत्राला सोपे जाते. अंकित प्रजेने खांदा काढून घेतला म्हणून ते पडले, हे सांगणे जड जाते. पाडावाचे खरे कारण झाकण्यात जेता आणि जितांतला वरचा थर यांचे असे एकमत झालेले आहे.

ती रचना कशी होती? १४२८ मध्ये तीन नगरांच्या युतीतून हे साम्राज्य उभे राहिले. त्या वेळचा राजा इत्सकोआत्ल याने जुन्या चित्रलिखित पोथ्या जाळल्या, आणि सर्वसामान्यांनी हे जाणण्याची गरज नाही असे त्याचे कारण दिले गेले. साहागुनच्याच ग्रंथात हे नमूद आहे. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी पोथ्या जाळल्या म्हणून आपण त्यांना योग्यच दोष देतो. पण त्यांच्या शंभर वर्षे आधी देशी राजाने तीच आग पेटवली होती, आणि ती खालच्यांच्या ज्ञानाविरुद्धच होती. दिएगो दुरान या धर्मोपदेशकाने १५८१ मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात पहिल्या मोक्तेसुमाचे कायदे दिले आहेत. सामान्याने सुती वस्त्र नेसू नये, घायपाताच्या धाग्याचे नेसावे. ते गुडघ्याखाली जाऊ नये, गेल्यास मृत्युदंड. मात्र लढाईत पायाला जखम झाली असेल तर ती झाकण्यापुरती मुभा. दुमजली घर फक्त सरदारांनी बांधावे. राजवाड्यात पायात वहाणा घालू नयेत. दुरान हेही सांगतो की पाडावाच्या वेळच्या मोक्तेसुमाने गादीवर येताच आधीच्या राजाने नेमलेले सामान्य कुळांतले सेवक काढून टाकले आणि त्यांच्या जागी सरदारांची मुले नेमली. या नियमांवर टीका लिहिण्याची मला गरज वाटत नाही. वाचकांपैकी अनेकांच्या आजोबांना असे नियम पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

या समाजात नरबळी होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. बळी जात ते मुख्यत: युद्धकैदी आणि विकत घेतलेले गुलाम. अ‍ॅझटेकांचा गौरव करणारे विद्वान त्याला विश्वाचे चक्र चालवणारे तत्त्वज्ञान म्हणतात. तत्त्वज्ञान ज्याच्या छातीवर पार पडते त्याचे मत कोणी नोंदवलेले नाही. पण याच नरबळीचा दाखला देऊन स्पॅनिशांनी आपले काम पुण्याचे ठरवले, हेही तितकेच निर्लज्ज आहे. ऑक्टोबर १५१९ मध्ये चोलुलात त्यांनी काही तासांत हजारो माणसे कापली. ती कोणत्या देवासाठी कापली?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. अंतिम वेढ्यात स्पॅनिश होते हजाराच्या आत. त्यांच्या बाजूने लढणारे स्थानिक होते हजारोंनी. किनाऱ्यावरच्या सेम्पोआलाच्या प्रमुखाने कोर्तेस येताच मोक्तेसुमाच्या वसुलीदारांचे गाऱ्हाणे मांडले. त्लाक्सकालाची तर साम्राज्याने पिढ्यान्‌पिढ्या नाकेबंदी केली होती. मीठ नाही म्हणून तेथले लोक अळणी खातात, असे कोर्तेसने नोंदवले आहे. त्लाक्सकाला आधी स्पॅनिशांशी लढले आणि मग त्यांना मिळाले. स्वतंत्र मेक्सिकोच्या राष्ट्रवादाने यासाठी त्यांच्या नावावर कायमचा फितुरीचा शिक्का मारला. पण फितुरी कोणाशी? मेक्सिको नावाचे राष्ट्र तेव्हा नव्हते. होते ते एक खंडणी घेणारे नगर आणि खंडणी देणारी अनेक नगरे. ज्याने मीठ बंद केले त्याच्याशी इमान राखले नाही, हा गुन्हा कोणत्या न्यायाने ठरतो?

हाच न्याय मालिंत्सिनलाही लावला गेला. लहानपणी घरच्यांनी देऊन टाकलेली, मग हस्ते परहस्ते ताबास्कोत पोचलेली ही मुलगी मार्च १५१९ मध्ये वीस स्त्रियांच्या नजराण्यात कोर्तेसच्या हवाली झाली. नाहुआत्ल आणि माया या दोन्ही भाषा येत असल्याने ती दुभाषी झाली. तिने लिहिलेली एक ओळही उरलेली नाही. तिच्यावर लिहिलेली पाने मात्र अगणित आहेत. आज मेक्सिकोत परकीयांच्या मागे धावण्याला तिच्या नावावरून शब्द आहे. ओक्ताव्हियो पास यांनी १९५० च्या ‘एकांताचा चक्रव्यूह’ या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात तिला मेक्सिकन माणसाच्या मूळ जखमेचे प्रतीक केले. तो निबंध मोठ्या प्रतिभेचा आहे. पण प्रतीक करताना पास यांनी एक साधी वस्तुस्थिती बाजूला सारली, की ती गुलाम होती. गुलामाला मालक निवडता येत नाही. तिला विकणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हटलेले नाही. पुरुषांनी गमावलेल्या राज्याचे खापर विकल्या गेलेल्या मुलीच्या डोक्यावर फोडायचे आणि त्याला राष्ट्राचे मानसशास्त्र म्हणायचे, ही समीक्षा मला मान्य नाही.

आपल्या वाचकांना हा वाद नवा नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीच्या पलटणीत पेशव्यांविरुद्ध लढलेल्या महार सैनिकांना हाच प्रश्न विचारला जातो. तपशील वेगळे आहेत, ते एकमेकांत मिसळू नयेत. प्रश्नाची जात मात्र एक आहे. आणि पुढची गोष्टही मिळतीजुळती आहे. ज्या इंग्रजांसाठी रक्त सांडले त्यांनीच महारांची लष्करभरती बंद केली आणि १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांना ती पुन्हा सुरू करण्यासाठी विनंतीपत्र तयार करावे लागले.

मेक्सिकोतले असे विनंतीपत्र त्याच्याही तीनशे चौतीस वर्षे आधीचे आहे. त्लाक्सकालाचे शेजारी वेहोत्सिंगो हे नगर. त्याच्या पंचांनी १५६० मध्ये स्पेनच्या राजाला नाहुआत्लमध्ये पत्र लिहिले. आम्ही बळजबरीवाचून तुमचा धर्म घेतला, तुमच्या कप्तानाला अन्न दिले, तुमच्या जखमी माणसांना खांद्यावर वाहिले, तुमच्यासाठी मेलो. आणि आता आमच्यावर न पेलणारा कर बसवला, आमची माणसे गाव सोडून चालली आहेत, अशी त्याची मांडणी आहे. या सगळ्या इतिहासात मला हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात जेत्याची फुशारकी नाही आणि बुडालेल्या वैभवाचा गहिवरही नाही. धनी बदलला, ओझे तेच राहिले, हे ज्याला कळले त्याचा तो आवाज आहे.

मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. वेहोत्सिंगोचे पंच हे त्या गावचे सरदारच होते. कराने त्यांचेही वैभव गेले होते, आणि त्यांचे अर्धे दु:ख ते होते. त्लाक्सकालातही चार राजे होते, सरदार होते आणि त्यांची शेते कसणारे होते. त्लाक्सकालाच्या सरदारांना स्पेनकडून मानचिन्ह मिळाले, सवलती मिळाल्या. १५९१ मध्ये उत्तरेच्या रानटी मानलेल्या मुलखात वसाहतीसाठी चारशे कुटुंबे पाठवली गेली ती त्याच त्लाक्सकालातून. १५४५ आणि १५७६ च्या साथींनी माणसे मारताना मित्र आणि शत्रू असा भेद केला नाही. तेव्हा त्लाक्सकालाला दलितांचे राज्य समजून डोक्यावर घेणे जितके भाबडे, तितकेच त्याला फितूर म्हणणे अन्यायाचे. शत्रूचा शत्रू मुक्तिदाता असतोच असे नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

ज्या त्लातेलोल्कोत शेवटची लढाई झाली तेथील चौकात आज एक शिलालेख आहे. हा विजयही नव्हता आणि पराजयही नव्हता, हा आजच्या मिश्र मेक्सिकन लोकांचा वेदनामय जन्म होता, असा त्याचा आशय. हे वाक्य सुंदर आहे आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. विजय नव्हता, पराजय नव्हता, असे म्हणताच कोणी काय केले हा हिशेब मिटतो. त्याच चौकात २ ऑक्टोबर १९६८ रोजी सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. दगडावर समन्वय कोरलेला असला म्हणून चौकातले रक्त थांबत नाही. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या अध्यक्षांनी स्पेनच्या राजाला पत्र पाठवून पाडावाबद्दल क्षमा मागण्याचे आवाहन केले. मागणी गैर नाही. पण मेक्सिकोतला आदिवासी शेतमजूर आज जेथे आहे तेथे त्याला ठेवण्याचे काम १८२१ पासून स्वतंत्र मेक्सिकोनेच केले आहे. क्षमा मागायची तर रांग लांब आहे.

आपल्या समीक्षेसाठी यातून मी एवढेच घेतो. जेत्याचा ग्रंथ संशयाने वाचायला आपण शिकलो आहोत. जिताचा ग्रंथ प्रेमाने वाचावा, पण तोही तपासून वाचावा. कारण पराभव सर्वांच्या वाट्याला आला तरी लेखणी सर्वांच्या वाट्याला आलेली नसते. आणि दोन्ही ग्रंथांत जो नावाशिवाय वावरतो त्याला शोधावे. तो तेथे असतोच. साहागुनच्या बाराव्या खंडात राजधानीत शिरणाऱ्या फौजेचे क्रमवार वर्णन आहे. आधी चार घोडेस्वार, मग निशाण, तलवारी, बंदुका, मग सेनापती, त्याच्यामागे त्लाक्सकाला आणि इतर नगरांचे योद्धे. आणि सर्वांत शेवटी कपाळाला पट्टा लावून ओझी वाहणारे, लाकडी चाकांवरच्या तोफा ओढणारे, ओढताना ओरडणारे. ते काय ओरडत होते ते लेखकाने लिहिलेले नाही. ही मिरवणूक आजवर घोडेस्वारांपासून वाचली गेली. ती शेवटाकडून वाचायला सुरुवात केली पाहिजे.